पूर्वपक्षाचे शिक्षण

शाळांच्या स्नेहसंमेलनाचे दिवस जवळ आले, की मुख्याध्यापकांच्या सहीची एक सूचना वर्गावर्गांतून वाचली जाते, आणि वक्तृत्व व वादविवाद या स्पर्धांसाठी प्रत्येक तुकडीने दोन-दोन नावे अमुक तारखेच्या आत द्यावीत, असा तीत मजकूर असतो. ही नावे द्यायला वर्गशिक्षकांना फारसा वेळ लागत नाही. कारण जो विद्यार्थी गतवर्षी धीटपणे बोलला तोच यंदाही बोलणार, हे सर्वांना ठाऊक असते. मग भाषण कोणीतरी मोठ्या माणसाने लिहून द्यावे, मुलाने ते मुखोद्गत करावे, आवाजाच्या चढउतारांची व हातवाऱ्यांची घरी उजळणी करावी, आणि शेवटची घंटा वाजण्यापूर्वी समारोपाचे वाक्य पुरे करून टाळ्यांच्या गजरात व्यासपीठावरून उतरावे, असा शिरस्ता आहे. या शिरस्त्याने मुलांना सभाधीटपणा येतो, उच्चारांना वळण लागते, आणि आपल्याकडील कित्येक नामांकित वक्त्यांची पहिली पावले अशाच व्यासपीठांवर पडली, हे नाकारण्याचे काहीच कारण नाही. परंतु त्या दोन नावांव्यतिरिक्त वर्गात जी पन्नास-साठ मुले बसलेली असतात, त्यांच्या वाट्याला या सबंध उपक्रमातून टाळ्या वाजविण्यापलीकडे काय येते, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. वादविवाद हा समारंभाची शोभा न राहता नेहमीच्या तासाचा भाग व्हावा, आणि त्याचा हेतू बक्षीस मिळविणे हा नसून दुसऱ्याचे म्हणणे नीट समजावून घेऊन त्याला कारणांनिशी उत्तर देणे हा असावा, असे मला मनापासून वाटते. आणि ते का वाटते, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच आहे.

वक्तृत्व आणि वाद या दोन भिन्न विद्या आहेत, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. वक्त्यासमोर श्रोते असतात, आणि त्यांनी हरकत घ्यावी अशी अपेक्षा नसते. वाद करणाऱ्यासमोर मात्र प्रतिपक्षी असतो, आणि आपण उच्चारलेले प्रत्येक विधान त्याच्या हाती सापडणार आहे या जाणिवेनेच त्याला बोलावे लागते. पाठ केलेले भाषण दहा ठिकाणी जसेच्या तसे म्हणता येते. वादातील दुसरे भाषण मात्र पहिल्याचे ऐकल्याखेरीज सुचतच नाही. म्हणूनच, जिथे चारही स्पर्धक आपापली लिहून आणलेली भाषणे एकामागून एक म्हणून दाखवितात आणि कोणीही कोणाला उत्तर देत नाही, तिथे वादविवाद असे नाव असले तरी वाद झालेला नसतो.

हा भेद आपल्याला परक्यांकडून शिकावयाचा नाही. पूर्वपक्ष मांडल्यावाचून सिद्धान्ताकडे जाऊ नये, ही आपल्या शास्त्रग्रंथांची जुनी रीत आहे. ज्या मताचे खंडन करावयाचे ते मत ग्रंथकार स्वतःच आधी सविस्तर मांडतो, आणि चांगल्या ग्रंथात ते इतक्या समर्थपणे मांडलेले असते, की वाचकाला क्षणभर तेच खरे वाटावे. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत: तत्त्वनिर्णयासाठी प्रमाणांच्या आणि तर्काच्या आधाराने चालतो तो वाद, जिंकण्याच्या इराद्याने, प्रसंगी शब्दच्छलाचाही आश्रय करून चालतो तो जल्प, आणि स्वतःचा कोणताच पक्ष न मांडता केवळ दुसऱ्याचे मोडून काढण्यासाठी चालते ती वितंडा. वैद्यकासारख्या व्यवहारी शास्त्रातही हा विवेक होता. चरकसंहितेच्या विमानस्थानात वैद्याने वैद्याशी करावयाच्या चर्चेचे संधाय संभाषा व विगृह्य संभाषा, म्हणजे सख्याने केलेली आणि स्पर्धेने केलेली, असे दोन भेद वर्णिले आहेत. न्यायसूत्रांतील आणखी एक तपशील शिक्षकांनी अवश्य लक्षात ठेवावा असा आहे. ज्या दोषांमुळे वादी हरला असे समजावे, अशी बावीस निग्रहस्थाने तिथे दिली असून त्यांत अननुभाषण नावाचे एक आहे. प्रतिपक्ष्याने तीन वेळा सांगितलेले आणि सभेला समजलेले म्हणणे ज्याला पुन्हा सांगता येत नाही, तो हरला, असा त्याचा आशय. ज्याला दुसऱ्याचे म्हणणे सांगता येत नाही त्याला त्याचे खंडन करण्याचा अधिकार नाही, हा नियम इतक्या प्राचीन काळी सूत्रबद्ध झाला असावा, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. अर्थात ही विद्या त्या काळी समाजातील थोड्यांपुरतीच बंदिस्त होती. ती सर्वांच्या मुलांच्या हाती देणे हे आजच्या शाळेचे काम आहे.

एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रात जी नवी जागृती झाली तिच्या मुळाशीही सभा आणि चर्चा होत्या. १८४८ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' स्थापन झाली. तिच्या मराठी व गुजराती शाखा ज्ञानप्रसारक सभा या नावाने चालत, तिथे निबंध वाचले जात आणि त्यांवर चर्चा होई. आणि अशा चर्चेत तयार झालेल्या तरुणांनीच पुढल्या वर्षी मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या. १८७० साली पुण्यात शंकराचार्यांसमोर विधवांच्या पुनर्विवाहाच्या शास्त्रीयतेवर जो प्रसिद्ध वाद झाला, त्यात विष्णुशास्त्री पंडितांच्या पक्षाविरुद्ध निर्णय लागला. परंतु त्या निकालाने पुनर्विवाहाचा प्रश्न मिटला नाही, आणि सुधारकांच्या पक्षातील कारणे निकालानंतरही समाजात आपले काम करीतच राहिली. १८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, ती ज्या संस्थेच्या विद्यमाने आजवर चालत आली तिचे नावच वक्तृत्वोत्तेजक सभा असे आहे. याच रानड्यांच्या हाताखाली गोपाळ कृष्ण गोखले आकड्यांची आणि सरकारी अहवालांची छाननी करण्यास शिकले, आणि १८९७ साली लंडनमध्ये वेल्बी कमिशनपुढे साक्ष देताना तज्ज्ञांच्या उलटतपासणीला टिकून राहिले, ते वाणीच्या ओघामुळे नव्हे, तर तपशिलाच्या पक्केपणामुळे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्थापन केलेल्या मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात विद्यार्थ्यांची संसद भरत असे, आणि १९५० च्या जानेवारीत स्वतः कायदेमंत्री असताना त्यांनी त्या संसदेपुढे हिंदू कोड बिलाविषयी भाषण केले. देशाच्या कायदेमंडळापुढे असलेला विषय विद्यार्थ्यांच्या सभेतही मांडण्याच्या योग्यतेचा आहे, हा विश्वास त्यामागे होता.

आता प्रत्यक्ष वर्गाकडे वळू. वादाचा विषय निवडण्यातच अर्धे यश असते, आणि आपले बरेचसे अपयशही तिथेच असते. विज्ञान शाप की वरदान, यासारख्या विषयावर कोणालाही काहीही बोलता येते, आणि ते चूक ठरविण्याचे साधन कोणाच्याच हाती नसते. विषय असा हवा, की त्यात काहीतरी करावे किंवा करू नये असा स्पष्ट ठराव असेल, दोन्ही बाजूंना सुज्ञ माणसे असू शकतील, आणि ज्याचा पुरावा मुलांना चालत जाऊन गोळा करता येईल. अवर्षणप्रवण तालुक्यातील एखाद्या माध्यमिक शाळेतील नववीचा वर्ग डोळ्यांसमोर आणू, आणि ठराव असा ठेवू: 'आपल्या गावाच्या शिवारात नवीन बोअर घेण्यास ग्रामसभेने पाच वर्षे मनाई करावी.'

मुलांना तयारीसाठी एक आठवड्याची मुदत द्यावी. या आठवड्यात एका गटाने ग्रामपंचायतीच्या दप्तरातून गेल्या काही उन्हाळ्यांत गावाला टँकर किती दिवस लागला याची नोंद मागून आणावी; दुसऱ्याने आपापल्या घरच्या आणि शेजारच्या विहिरींना व बोअरना पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकते ते विचारून लिहावे; तिसऱ्याने भूगोलाच्या शिक्षकांकडून समजावून घ्यावे, की दख्खनच्या काळ्या बेसाल्ट खडकात पाणी राहते ते मुख्यतः भेगांत व झिजलेल्या थरांत, आणि म्हणून एकाने खोल घेतलेला बोअर शेजाऱ्याच्या विहिरीचे पाणी ओढून नेऊ शकतो. कोणी हिवरे बाजारचे उदाहरण शोधून काढील. त्या गावाने शेतीसाठी बोअर घेण्यास बंदी केली, पावसाच्या मानाने पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरविण्याची पद्धत घातली, हे त्याला कळेल. कोणाला असेही समजेल, की पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक उद्भवापासून पाचशे मीटरांच्या आत नवी विहीर खोदण्यावर निर्बंध घालणारा कायदा राज्याने १९९३ मध्येच केला होता. पाठ्यपुस्तकात न मिळणारे हे ज्ञान मुलांनी स्वतःच्या पायांनी मिळविलेले असते, आणि त्यामुळे त्यावर बोलताना त्यांच्या वाणीला आपोआपच बळ येते.

साठ मुलांच्या वर्गात हे कसे जमावे, अशी शंका शिक्षकांना येणारच. तिचे उत्तर असे, की एकच वाद सर्वांनी ऐकण्याऐवजी आठ-आठ मुलांचे गट करून प्रत्येक गटात स्वतंत्र वाद चालवावा: तिघांनी ठरावाचे समर्थन करावे, तिघांनी विरोध करावा, एकाने अध्यक्ष होऊन वेळ सांभाळावी आणि एकाने चिटणीस होऊन दोन्ही पक्षांची कारणे दोन रकान्यांत टिपावीत. असे केले म्हणजे दोन जोडतासांत वर्गातील प्रत्येक मूल निदान एकदा तरी उभे राहून बोलते. गलबला होतो हे खरे. पण जाणत्या शिक्षकाला कामाचा गलबला आणि रिकामपणाचा गलबला यांतील फरक दारातूनच कळतो.

अशा एका गटाजवळ थोडे थांबून ऐकू. समर्थकांपैकी एक मुलगा म्हणतो, की बोअर वाढले म्हणून गावची पिण्याच्या पाण्याची विहीर फेब्रुवारीतच आटली, सबब मनाई करावी. अध्यक्ष विरोधकांतील मुलीला विचारतो, की त्याने काय सांगितले ते आधी तुझ्या शब्दांत सांग. ती सांगते, तो म्हणतो, "हो, हेच म्हणायचंय मला." मग ती उत्तर देते: "ज्यांनी आधीच चार-चार बोअर घेतलेत त्यांचं पाणी चालूच राहणार, आणि ज्यांना पैशांअभावी अजून एकही घेता आला नाही, त्यांनाच तुमची मनाई लागू होणार. मग हा न्याय कसा?" समर्थकांच्या बाकावर शांतता पसरते. शिक्षक जवळच उभे आहेत, परंतु उत्तर सांगण्याचा मोह ते आवरतात. अमेरिकन संशोधिका मेरी बड रो यांनी वर्गांचे निरीक्षण करून दाखविले होते, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सामान्यतः एका सेकंदाच्या आसपासच थांबतात, आणि तीन सेकंद किंवा अधिक थांबले तर मुलांची उत्तरे लांब व सकारण होऊ लागतात, एरवी गप्प बसणारी मुलेही बोलू लागतात. ही निःशब्दता म्हणजे चाललेला विचार असतो. तिच्यात शिक्षकाने ढवळाढवळ करू नये. थोड्या वेळाने समर्थकांतील दुसरा मुलगा उठून म्हणतो, की मग ठरावाला दुरुस्ती सुचवावी: नव्या बोअरना मनाई करतानाच जुन्या बोअरच्या पाण्यावर उन्हाळ्यात कोणती पिके घ्यावीत याचीही मर्यादा ग्रामसभेने ठरवावी. त्यावर विरोधक विचारतात, की हिवरे बाजारात हे जमले ते सगळ्या गावाची संमती होती म्हणून. आपल्या गावात ती आहे का, आणि नसेल तर ती मिळविण्याचा मार्ग कोणता?

या दहा मिनिटांत काय काय घडले, ते पाहिले पाहिजे. एकाच्या विधानातील न सांगितलेले गृहीत, म्हणजे मनाईचा भार सर्वांवर सारखा पडतो हे, दुसरीने उघडे केले. त्या आक्षेपामुळे मूळ ठराव सोडून देण्याऐवजी सुधारण्याची बुद्धी पहिल्या पक्षाला झाली. एका गावाचा दाखला दुसऱ्या गावाला लावताना दोन्ही ठिकाणची परिस्थिती सारखी आहे का, हे तपासावे लागते, याचे भान आले. चिकित्सक विचार म्हणून ज्याचा गौरव आपण करतो, तो याहून निराळा काही नाही. आणि तो व्याख्या पाठ करून येत नाही, कोणीतरी समोरून 'कशावरून?' असे विचारल्यावर येतो. विधान कोणते, त्याला कारण काय, दाखला कोणता, आणि तो दाखला प्रस्तुत प्रकरणाला लागू कसा, ही साखळी मुलांच्या अंगवळणी पडली, म्हणजे नैयायिकांनी सांगितलेले प्रतिज्ञा, हेतु, उदाहरण, उपनय आणि निगमन हे पाच अवयव त्यांनी नाव न घेता आत्मसात केले, असे समजावे.

यापुढची पायरी अधिक कठीण आणि अधिक फलदायी आहे. पुढल्या तासाला पक्षांची अदलाबदल करावी: ज्यांनी समर्थन केले त्यांनी विरोध करावा, आणि विरोध करणाऱ्यांनी समर्थन. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठातील डेव्हिड व रॉजर जॉन्सन या बंधूंनी वर्गासाठी जी पद्धत बसविली, तिच्यात अदलाबदल झाल्यावर शेवटी दोन्ही पक्ष बाजूला ठेवून सर्व गटाने एकत्र बसावे आणि दोन्हींकडील उत्तम कारणे घेऊन एक संयुक्त निवेदन तयार करावे, अशी योजना आहे. आपल्या नववीच्या वर्गात याचा अर्थ असा, की शेवटी प्रत्येक गटाने ग्रामसभेला उद्देशून एक पानाचा मसुदा लिहावा, आणि त्यात आपल्या मताविरुद्धचा सर्वांत जोरकस मुद्दा कोणता व त्याला आपले उत्तर काय, हेही नमूद करावे. बोलणे आणि लिहिणे यांची सांगड अशा रीतीने पडली, म्हणजे निबंधाच्या वहीतील ठरावीक वाक्येही हळूहळू मागे पडतात.

मत नसलेल्या बाजूने बोलायला लावले तर मुले ढोंगी होतील, असा एक आक्षेप घेतला जातो, आणि तो गंभीरपणे घेतला पाहिजे. दुसऱ्याची बाजू मांडणे म्हणजे ती पत्करणे नव्हे, हे मुलांना आधी स्पष्ट सांगावे, आणि वाद संपल्यावर प्रत्येकाला स्वतःचे खरे मत, ते बदलले असल्यास बदलाच्या कारणासह, सांगण्याची संधी द्यावी. मत बदलणे ही नामुष्की नाही, उलट तो प्रामाणिकपणा आहे, असे शिक्षकाने सर्वांसमोर म्हटले, तर त्या एका वाक्याचा संस्कार फार दूरवर जातो. त्याचबरोबर कोणत्याही गोष्टीला दोन बाजू असतातच असे नाही, हेही सांगितले पाहिजे. पृथ्वी सूर्याभोवती फिरते की नाही, किंवा माणसामाणसांत जन्मावरून उच्चनीच भाव असावा की नाही, हे वर्गात मतांना टाकण्याचे विषय नव्हेत. पहिल्याचा निर्णय प्रमाणांनी झालेला आहे, आणि दुसऱ्याचा आपल्या संविधानाने. ज्या विषयाने वर्गातील एखाद्या मुलाला आपल्या अस्तित्वाचीच कैफियत द्यावी लागेल, तो विषय वादाला घेऊ नये.

बोलण्याच्या भाषेविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. मराठवाड्यातील, खानदेशातील, वऱ्हाडातील किंवा कोकणातील मूल घरी जी बोली बोलते, तीतच ते बहुधा विचार करते. आणि उभे राहून कारण सांगत असता मध्येच त्याच्या 'न'-'ण' ची दुरुस्ती केली, तर ते कारणही विसरते आणि पुन्हा उभे राहण्याचे धैर्यही. प्रमाणभाषेचे शिक्षण आवश्यक आहे, पण त्याची जागा मसुद्याच्या लेखनात आहे. लाजऱ्या मुलांसाठी प्रथम दोघांनी आपसांत बोलावे, मग चौघांत, आणि शेवटी सबंध गटात, असा क्रम ठेवावा. मुलींना चिटणिसाचेच काम आणि मुलांना अध्यक्षपद, अशी वाटणी नकळत होत जाते; म्हणून भूमिका पाळीपाळीने द्याव्यात. पहिल्या वेळी जी मुलगी एक वाक्य बोलून बसली, तिला चौथ्या-पाचव्या वेळी प्रतिपक्षाला 'तुमचा मुद्दा मला मान्य आहे, पण' असे म्हणून पुढे बोलताना पाहणे, याहून मोठे पारितोषिक शिक्षकाला कोणते हवे?

गुणदान करावयाचेच असेल, तर ते या हेतूला धरून असावे. आपल्या स्पर्धांच्या गुणपत्रकांत आवाज, हावभाव, पाठांतर आणि वेळेचे बंधन यांना ठळक स्थान असते. वर्गातील वादासाठी रकाने निराळे हवेत: प्रतिपक्षाचे म्हणणे न्याय्य रीतीने सांगितले काय, विधानाला पुरावा दिला काय, पुराव्याचे मूळ सांगितले काय, विचारलेल्या प्रश्नाला सरळ उत्तर दिले काय, आणि योग्य तिथे कबुली दिली काय. ज्याला गुण मिळतात तेच मुले शिकतात, हा अनुभव सर्वच शिक्षकांना आहे. आवाजाला गुण दिले तर ती मोठ्याने बोलतील. न्याय्य पूर्वपक्षाला गुण दिले तर ती ऐकू लागतील.

अभ्यासक्रम पुरा व्हावयाचा असताना यासाठी तास आणावा कुठून, ही अखेरची आणि सर्वांत व्यवहारी अडचण. परंतु वर वर्णिलेल्या एका विषयात भूगोलातील भूजल, नागरिकशास्त्रातील ग्रामसभा, गणितातील सरासरी आणि मराठीतील निवेदनलेखन यांचा अंतर्भाव सहज होतो. म्हणजे अभ्यासक्रम बाजूला राहत नाही, तर चार पाठ एका जागी येतात. शासनाच्या दृष्टीनेही ही कल्पना नवी नाही. १९६२ साली मुंबईत भरलेल्या अखिल भारतीय प्रतोद परिषदेने विद्यार्थ्यांसाठी युवा संसद चालविण्याची शिफारस केली, आणि १९६६-६७ पासून केंद्रीय संसदीय कार्य मंत्रालयाने दिल्लीतील शाळांत ती अमलातही आणली. पंधरवड्यातून एक जोडतास, वर्षातून आठ-दहा ठराव, एवढ्याने आरंभ होऊ शकतो. त्याला निधी लागत नाही की खास परवानगी लागत नाही.

नववीतील हीच मुले चार-पाच वर्षांत मतदार होतील, आणि त्यांच्यापैकी पुष्कळजण ग्रामसभेत, सहकारी संस्थेच्या वार्षिक सभेत, गृहनिर्माण संस्थेच्या बैठकीत बसतील. अशा सभा आज एक तर कोणी न बोलल्यामुळे ठराव एकमताने मंजूर होऊन उरकतात, किंवा दोघांच्या भांडणामुळे तहकूब होतात. सकारण विरोध करणे आणि विरोध शांतपणे ऐकून घेणे या दोन्ही गोष्टी आपण कोणाला कधी शिकविल्याच नाहीत, हे त्याचे एक मोठे कारण आहे. संविधानाने प्रत्येकाला मत दिले. ते मत बनविण्याची, तपासण्याची आणि दुसऱ्याच्या मताशी भिडविण्याची रीत देणे हे शाळेवर सोपविलेले काम आहे. ज्या शिक्षकांना हे पटले असेल त्यांनी वरिष्ठांच्या परिपत्रकाची वाट पाहू नये. येत्या महिन्यात आपल्या गावाचा एक खरा प्रश्न घ्यावा, त्याचा स्पष्ट ठराव फळ्यावर लिहावा, आणि दुसऱ्याचे म्हणणे सांगितल्यावाचून कोणीही त्याचे खंडन करावयाचे नाही, एवढा एकच नियम कटाक्षाने पाळावा. बाकीचे नियम मुले वाद करता करता स्वतःच घालून घेतील.